अर्ध्या मुठीची फटफटी

धारमध्ये ज्या माणसाने निम्म्या गावाला फटफटी चालवायला शिकवली, त्याच्याच फटफटीला एके सकाळी शिकाऊ माणसाची लाल 'एल'ची पाटी लागली. आणि मागे बसून त्याच्यावर देखरेख करायला कोण, तर मी! मला परवाना मिळून तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत; त्यांची पन्नाशी उलटलेली. महिनाअखेर परवाना हातात आला नाही तर त्यांना गाड्यांपासून काढून मोटारखान्याच्या फाटकावर चौकीदार म्हणून बसवणार, असा हुकूम आला होता. गुरूची विद्या गुरूला, असं म्हणून मी त्या सकाळी खदखदून हसलो. ते हसू पुढे माझ्या घशात कसं अडकलं, तेच सांगायचं आहे.

मी मूळचा देवासचा. तिथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदत होती, काही ठिकाणी तर रस्त्याची ही बाजू याची आणि ती बाजू त्याची. आम्ही पोरं दिव्याशिवाय सायकल हाणायचो आणि इकडच्या शिपायाने शिट्टी मारली की रस्ता ओलांडून तिकडे उभं राहायचो. शिपाई दात-ओठ खात तिथूनच शिव्या द्यायचा. नियम हा पाळायचा नसतो, ओलांडायचा असतो, हे शिक्षण मला असं फुकटात मिळालं. दोन्ही पात्या जाऊन मध्यभारत झालं, पण ती खोड काही गेली नाही.

पुढे मला धारच्या ढोरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. काम लस पोचवण्याचं. बुळकांड्या रोगाने गाई-बैल पटापट मरायचे, आणि त्यावरची लस बर्फात ठेवावी लागायची. बर्फ वितळला की लस गेली. धारहून थर्मास घेऊन बदनावरला जायचं, नाहीतर बाग नावाच्या गावाकडच्या पाड्यांवर. बसची वाट बघत बसलो असतो तर थर्मासमध्ये नुसतं कोमट पाणी उरलं असतं. म्हणून खात्याने एक फटफटी दिली आणि अट घातली की तीन महिन्यांत परवाना काढायचा.

मला तर घाई झाली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी पहिल्याच दिवशी डोळ्यांना धुळीचा चष्मा लावून मोटारखान्यात हजर झालो.

मोटारखाना पूर्वी दरबारचा होता, आता सरकारचा. मिस्त्री दोन्ही काळांत तिथेच. त्यांचे वाडवडील दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेले, पागेतले चाबूकस्वार. नव्या घोड्यांना पाठीवर माणूस घ्यायला शिकवायचं, हे घराण्याचं काम. घोडे गेले, मोटारी आल्या, तेव्हा मिस्त्रींनी नुसतं जनावर बदललं, पद्धत तीच ठेवली. मी चष्मा कपाळावर चढवून फटफटीवर टांग टाकणार तोच त्यांनी माझ्या हातात रॉकेलचं फडकं दिलं.

"पुसून काढ, भिया."

"मी पुसायला नाही, शिकायला आलोय."

"तेच शिकवून राह्यलो ना. घोडं अंगाखाली घ्यायच्या आधी त्याचं अंग ओळखावं लागतं. कुठं गरम होते, कुठं गळते, कुठला नट ढिला. चल, खरारा कर."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मॅट्रिक झालेला माणूस मी, आणि हा मला पुसायला लावतो! मी म्हटलं, मोठ्या साहेबाची चिठ्ठी आणतो. ते म्हणाले, आण की. मागे एका बड्या अधिकाऱ्याचे जावई चिठ्ठी घेऊन आले होते; मिस्त्रींनी चिठ्ठी डोक्याला लावली, खिशात ठेवली आणि जावईबापूंना पंधरा दिवस पुसायला लावलं, हे मला नंतर कळलं. मला आठ दिवसांत सोडलं, म्हणजे माझ्यावर मेहेरबानीच होती.

पुढचा आठवडा इंजिन बंद ठेवून फटफटी नुसती हाताने धरून फिरवायची. मोटारखान्याभोवती दहा फेऱ्या, वळणं उजवी, मग डावी. मधेच मिस्त्री मागून येऊन तिला आडवी पाडायचे आणि म्हणायचे, "उचल." पहिल्यांदा उचलताना माझी कंबर धरली. शेजारच्या चिंचेखाली बसणारे टांगेवाले माझी मजा बघत. "घोडी रुसली क्या, बाबूजी?" असं विचारत. मी मनातल्या मनात सगळ्या धारला शिव्या घालत होतो. पण पुढे एकदा बागच्या वाटेवर वाळूत आडवा झालो तेव्हा एकट्याने उचलून चालता झालो, आणि तेव्हा टांगेवाले हजर नव्हते याचंच दुःख झालं.

तिसऱ्या आठवड्यात एकदाची किक मारली. आणि तिथे मला मिस्त्रींची 'पिछाडी' भेटली.

घोडा उधळू नये म्हणून त्याचे मागचे पाय दोराने बांधतात, त्या दोराला पिछाडी म्हणतात. मिस्त्रींची पिछाडी लाकडाची होती. शिसवीची बोटाच्या पेराएवढी नळी ते स्वतः कोरायचे आणि कार्बोरेटरच्या टोपीखाली, मुठीकडून येणाऱ्या तारेवर ओवायचे. मग मूठ कितीही पिळा, ती अर्ध्यावर अडायची. फटफटीचं अर्धं बळ बांधलेलं. परवाना मिळेपर्यंत ही पिछाडी काढायची नाही, हा त्यांचा कायदा. परवाना मिळाला की ते स्वतःच्या हाताने ती काढणार आणि एका पत्र्याच्या डब्यात टाकणार. डबा हलवला की खुळखुळ वाजायचा. त्यात आजवरच्या सगळ्या शिष्यांच्या पिछाड्या होत्या.

"ही मरतुकडी चाल कशाला, काका?" मी कुरकुरायचो. "बदनावरच्या रस्त्यावर बैलगाडीवाला मला मागे टाकेल."

"टाकू दे. त्याला राम राम करायचा."

"आणि चढ आला तर?"

"चढाला अर्धी मूठ पुरते. उरलेली अर्धी मस्तीची."

मला हे पटलं नाही. डोळ्यांसमोर किल्ल्याचा चढ होता. नव्या राज्याचे मोटार इन्स्पेक्टर इंदूरहून यायचे आणि परीक्षा घेताना प्रत्येकाला त्या चढावर मधेच थांबवायचे. फटफटी मागे न घसरता पुन्हा निघाली तर पास. माझ्या आधीच्या तुकडीतले निम्म्याहून जास्त तिथेच घसरले होते. तीन महिने संपत आलेले. नापास झालो तर नोकरी गेली, आणि देवासला परत जाऊन वडिलांचं तोंड बघायचं. अर्ध्या मुठीने तो चढ चढायचा हे मला अगदी उंटावरच्या शहाण्याचं बोलणं वाटलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मिस्त्री जेवून खाटेवर आडवे झाले होते. पंचा तोंडावर, घोरणं सुरू. मी पान्हा घेतला, टोपी फिरवून काढली, स्प्रिंग दाबून तार सोडवली आणि नळी खिशात घातली. दहा मिनिटांचं काम. ज्या हातांना त्यांनी आठ दिवस पुसायला लावलं होतं, ते आता डोळे मिटूनही कार्बोरेटर उघडत होते. तेव्हा मला या गोष्टीची गंमतही वाटली.

दुसऱ्या दिवशी चढावर मी मूठ पूर्ण पिळली. फटफटी गुरगुरली, मागच्या चाकाने खडी उडवली ती इन्स्पेक्टरसाहेबांच्या पाटलोणीवर, आणि मी तीरासारखा वर. साहेबांनी पाटलोण झटकत "ठीक है" म्हटलं. पास! मिस्त्री खाली उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली. परत आल्यावर ते चहाला गेले, तेवढ्यात मी नळी पुन्हा बसवली. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर ती काढली, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि डब्यात टाकली. चोराच्या मनात चांदणं. मी उगाच आभाळाकडे बघत राहिलो. पेढे मात्र मी दोन खाल्ले.

आणि मग पाचेक आठवड्यांनी तो हुकूम आला. मोटारखान्यातल्या प्रत्येक माणसाकडे परवाना हवा. दरबारच्या काळात मिस्त्रींकडे परवाना कोण मागणार? महाराजांची मोटार जो चालवतो त्याला अडवायची कुणाची छाती? त्यामुळे पंचवीस वर्षं शिकवूनही कागदोपत्री या माणसाने कधी फटफटी चालवलेलीच नव्हती. आधी शिकाऊ कागद, लाल पाटी, मागे परवानेदार माणूस, आणि मग परीक्षा.

सगळे म्हणाले, जुन्या दिवाणखात्यातल्या कुणाची तरी चिठ्ठी आणा, सूट मिळेल. चिठ्ठी द्यायला तयार असलेले तिघं तर स्वतःच मोटारखान्यात आले. तिघंही मिस्त्रींचेच शिष्य. मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

"मी कुणाला चिठ्ठीवर बसवलं नाही. मग मी कसा बसू?"

अर्ज मी भरला, कारण तो हिंदीत होता आणि मिस्त्रींना लिहायला फक्त मोडी यायची. 'अनुभव' या रकान्याशी मी थांबलो. पंचवीस वर्षं लिहू का, म्हणून विचारलं.

"शिकाऊ लिही."

"काका, हसतील सगळे."

"कागद तेच म्हणून राह्यला ना? मग लिही."

मी लिहिलं. खाली त्यांनी मोडीत सही केली, आणि कचेरीतला हिंदी बाबू बराच वेळ ती उलटसुलट करून बघत बसला.

लाल पाटी लावली त्या सकाळी मी हसलो, हे वर सांगितलंच. मिस्त्रीही हसले. मग ते आत गेले, तो पत्र्याचा डबा घेऊन आले, खुळखुळवला आणि त्यातून एक नळी निवडली. ती माझी होती. माझ्या पान्ह्याचा ओरखडा तिच्या कडेला होता, तो मी लांबूनही ओळखला. त्यांनी खाली बसून आपल्या फटफटीची टोपी उघडली आणि ती नळी तारेवर ओवली.

"हे काय, काका? तुम्हाला कशाला पिछाडी?"

"शिकाऊ आहे ना मी? तूच लिहिलंस."

माझं हसू तिथेच घशात अडकलं. कारण साहेब तेच, चढ तोच, आणि आता फाटकावर बसण्याची वेळ आलेला माणूस माझी पिछाडी लावून त्या चढाला जाणार होता. अर्ध्या मुठीने तो चढ चढता येतो की नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कधी करून बघितलंच नव्हतं!

तीन आठवडे मी रोज सकाळी त्यांच्या मागे बसलो. गाव गोळा व्हायचं. "काय मिस्त्री, ब्रेक कुठला ते सांगू का?" टांगेवाले ओरडायचे. मिस्त्री सगळ्यांना हात दाखवून, भोंपू वाजवून, बैलगाडीला राम राम करून पुढे जायचे. मी मागे बसून मात्र रोज थोडा थोडा सुकत होतो. डोळ्यांसमोर एकच चित्र: मोटारखान्याचं फाटक, शेजारी स्टूल, स्टुलावर मिस्त्री, आणि मी लस घेऊन निघालो की ते उठून माझ्यासाठी फाटक उघडतायत. मला हे चित्र सहन होत नव्हतं. दोनदा मी म्हटलं, काका, परीक्षेपुरती काढा ती नळी. दोन्ही वेळा त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी मोटारखान्यात आलो. मिस्त्री जेवून खाटेवर आडवे. पंचा तोंडावर, घोरणं सुरू. मी ठरवलंच होतं. यांना कळणारसुद्धा नाही, पास होतील, मग परत बसवून टाकू. पान्हा घेतला आणि टोपीला लावला.

"या टायमाला राहू दे, भिया."

पंचा तोंडावर तसाच होता. पान्हा माझ्या हातातून खाली पडला.

"मागच्या टायमालाही मी जागाच होतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

"नाही बोललो, खरं. बोललो असतो तर तू रात्रभर घाबरून सकाळी पडला असतास. तुझी नोकरी होती." त्यांनी पंचा काढला आणि उठून बसले. "पुऱ्या मुठीचा आवाज तर साऱ्या गावाने ऐकला. साहेबाच्या पाटलोणीवर खडी उडाली तेव्हा मला लाज वाटली. तुझी नाही, माझी. वाटलं, माझं शिकवणं कच्चं राहिलं."

मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली आहेत. पण ते वाक्य ऐकल्यावर मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. मिस्त्रींनी मला पंचा दिला. त्याला रॉकेलचा वास होता.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या पायथ्याशी अर्धं धार जमलं होतं. इन्स्पेक्टरसाहेबांनी कागद बघितला, मग मिस्त्रींच्या पांढऱ्या मिशा बघितल्या.

"कब से चला रहे हैं?"

"कागद पर तीन हफ्ते, हुजूर."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी हाताचे इशारे विचारले, आठाच्या आकड्यात फटफटी फिरवायला लावली, आणि मग चढाकडे बोट केलं. मिस्त्री निघाले. अर्ध्या चढावर साहेबांनी हात वर केला, फटफटी थांबली. तिथे खडी सुटी होती, माझं चाक तिथेच फिरलं होतं. साहेबांनी हात खाली केला.

मिस्त्रींनी मूठ पिळली नाही. नुसती वळवली, दार वाजू नये म्हणून कडी हळूच उघडावी तशी. डाव्या हाताने क्लच इतका सावकाश सोडला की चाक कधी फिरू लागलं ते कळलं नाही. फटफटी धाप न टाकता, खडीचा एक खडा न उडवता वर गेली. एवढ्या सावकाशीने की साहेब तिच्या शेजारून चालत वर पोचले.

"इतना धीरे क्यों?" साहेबांनी विचारलं. त्यांना काहीतरी खटकलं होतं. "इंजन में कुछ खराबी है?"

मिस्त्रींनी उतरून कार्बोरेटरची टोपी उघडून दाखवली. साहेबांनी ती लाकडी नळी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

"ये क्या है?"

"पिछाडी, हुजूर. सीखनेवाले को मैं पूरी गाड़ी नहीं देता."

"पर सीखनेवाले तो आप हैं!"

"इसीलिए."

आता साहेब हसले. असे हसले की टोपी काढावी लागली. तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, आणि जाताना म्हणाले की अशा दोन नळ्या इंदूरला पाठवा, माझा भाऊ शिकतोय. टांगेवाल्यांनी मिस्त्रींना उचलायचा प्रयत्न केला. ते ओरडले, "आधी फटफटी उचला, चढ तिने चढलाय." फाटकावरचं स्टूल रिकामंच राहिलं, आणि पुढे त्याच्यावर माठ ठेवला.

सगळे पांगल्यावर मी माझी खात्याची फटफटी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"काका, ती नळी हिला लावा. मला चढ करायचाय."

त्यांनी पान्हा घेतला. नळी लावली आणि माझ्या मागे बसले. पहिल्या वेळी मी अर्ध्यावर थांबलो आणि निघताना घसरलो. दुसऱ्या वेळी बंद पडली. तिसऱ्या वेळी मागून त्यांचा हात खांद्यावर आला, नुसता आला, दाबलासुद्धा नाही. मी क्लच त्यांच्यासारखा सोडून बघितला. फटफटी हलली, आणि आम्ही दोघंही अर्ध्या मुठीने वर पोचलो. किल्ल्याच्या दरवाज्यापाशी मी इतका खूश झालो की भोंपू वाजवत सुटलो.

मिस्त्री उतरले. खाली त्यांच्या फटफटीपाशी आल्यावर त्यांनी तिच्यावरची लाल पाटी सोडली आणि माझ्या फटफटीच्या पुढच्या दिव्याखाली सुतळीने घट्ट बांधली.

"आठ दिवस राहू दे."

खिशात सरकारी परवाना असताना मी आठ दिवस शिकाऊ म्हणून, अर्ध्या मुठीने हिंडलो. बदनावरच्या बाजारात पोरं मागे लागली, दवाखान्यातला कंपाउंडर पोट धरून हसला, आणि एका बैलगाडीवाल्याने मला खरंच मागे टाकलं. मी त्याला राम राम केला. त्या आठ दिवसांत मी चार वेळा लस नेली, दोनदा तर भर उन्हात बागच्या बाजूला. थर्मास उघडला की प्रत्येक वेळी आत बर्फ शिल्लक होता.